मागे साडेचार, पुढे साडेतीन

लेमहाय खोरं
सोमवार, २० ऑगस्ट

प्रिय मार्लिस आत्या,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की व्हर्लीनबाईंच्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलचे गिअर बदलून झाले, आणि आकडा मी निवडला. आकडा मी निवडला हे खरं आहे. दोन्ही ॲक्सल हे खरं नाही. फक्त मागचा बदलला आहे. पुढचा कारखान्यातून आला तसाच आहे.

तुला चुकीचं कळवलं त्याबद्दल क्षमा माग म्हणालीस तर मागते. पण व्हर्लीनबाईंनाही हेच सांगितलं होतं, मीच, चावी हातात देताना. "पुढे-मागे दोन्हीकडे साडेचार बसवलंय, बर्फात बिनधास्त फोर-व्हील लावा." त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस ना, मग झालं." हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही.

तुला त्या आठवत असतील. वरच्या ओढ्याकडच्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन औषधं, इंजेक्शनं, ड्रेसिंग करतात त्या नर्सबाई. त्यांचे यजमान वारले त्याआधी त्यांनी हा ट्रक उंच करून घेतला आणि सदतीस इंची टायर चढवले. गिअर बदलायचं राहूनच गेलं. एकतीस इंचाच्या टायरला बेतलेला ३.५५ चा रेशो, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.५५ फेरे तेव्हा चाकाचा एक, तसाच राहिला. त्यामुळे ट्रक दिसायला राक्षस आणि चढावर दमेकरी झाला होता. गॅरिकदादा म्हणाला ४.८८ टाकू, बाबा म्हणाले ४.१० पुरे. मी कागदावर मांडलं. टायर जितके वाढले तितका आकडा वाढवला तर ४.२४ येतो, म्हणजे निव्वळ पूर्वीइतकी ताकद. त्यात ट्रकचं वाढलेलं वजन आणि वरच्या ओढ्याचा चढ धरला तर ४.१० कमी पडणार. ४.८८ च्या छोट्या चक्राला, पिनियनला, आठच दात, इतक्या मोठ्या टायरखाली ते तुटायची भीती. म्हणून ४.५६. मोठ्या चक्राला, क्राउनला, एकेचाळीस दात, पिनियनला नऊ. बाबांनी मान डोलावली, आणि मी तुला चार पानांचं पत्र लिहिलं. फुगले होते मी.

काल प्रार्थनेनंतर व्हर्लीनबाई चाकांचे नट आवळून घ्यायला बाबांच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात आल्या. मी खाली शिरले. मागच्या होजिंगचं, गिअरच्या पेटीचं, झाकण लखलखीत. पुढच्या झाकणाच्या बोल्टांवर चिखलाचे थर, दगडासारखे वाळलेले. ते बोल्ट निदान तीन हिवाळे कोणी सैल केलेले नाहीत.

मी बाहेर आले, नट आवळले, त्यांना हात केला आणि त्या गेल्या. काही बोलले नाही. आधी खात्री करावी असं वाटलं. आता वाटतं, चिखलापेक्षा अजून कसली खात्री हवी होती.

तुझी,
तिर्झा


टेहळणी मनोरा
बुधवार, २९ ऑगस्ट

तिर्झाबाई,

तुझं पत्र रसद आणणाऱ्या डूईच्या खेचरावरून आलं, बटाट्यांच्या पोत्याखाली दबून. म्हणून पत्राला बटाट्याचा वास आहे आणि उत्तरालाही असेल.

तू सात वर्षांची असताना मनुका खाल्ल्याची कबुली द्यायला पावसात माझ्या दारात आली होतीस. मनुका तुझ्याच होत्या. तेव्हापासून तुझं पत्र उघडताना मी आधी श्वास घेते.

अगं, पुढच्या गिअरांचा सेट उशिरा आला असेल. होतं असं. हंगामाच्या तोंडावर प्रत्येकाला गिअर हवे असतात. गॅरिकने मागचा बसवला असेल आणि पुढचा शाफ्ट सोडवून ठेवला असेल, म्हणजे फोर-व्हीलचं बटण दाबलं तरी पुढे काही पोचायचं नाही. सेट आला की तासाभरात बोलावून घेईल. कोणताही धड मेकॅनिक असंच करतो. तू आधी शाफ्ट बघ, मग रड.

आणि ४.५६ बरोबर आहे. इथे वर बसून मी गाड्यांवर बोलणं म्हणजे पोहणं सोडलेल्या माणसाने नदीवर बोलण्यासारखं, पण बरोबर आहे. माझ्या ट्रकलाही हाच आकडा होता, टायरही तेवढेच. वळणावळणाचा चढ चढताना गिअर शोधत बसत नाही, हे महत्त्वाचं. तुझ्या बाबाला सांग, मार्लिस म्हणते पोरीने नाव काढलं.

पश्चिमेकडे दोन ठिकाणी धूर होता. एक धुकं निघालं. दुसरा खराच होता, विमान आलं आणि विझवून गेलं.

आत्या


बुधवार, ५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

शाफ्ट जागेवर आहे. पुढचा शाफ्ट जोडलेला आहे, बटण चालू आहे, सगळं चालू आहे. तू लिहिलंस ते वाचून मला दोन मिनिटं इतकं हलकं वाटलं की मी धावत गेले. व्हर्लीनबाईंचा ट्रक दवाखान्याच्या आवारात उभा होता. वाकून पाहिलं. जोडलेला आहे.

पुढचा सेट उशिरा आलेला नाही. वेळेवर आला होता. दोन्ही एकाच दिवशी आले. गॅरिकने पुढचा सेट थॅडच्या ट्रकमध्ये घातला. थॅड शिकाऱ्यांना घेऊन रानात जातो, तुला माहीत आहे, आणि त्याचा मोसम तीस ऑगस्टला सुरू व्हायचा होता. त्याची घाई मोठी, कारण त्याचा आवाज मोठा.

आपल्या चर्चच्या मंडळीचा नियम मी पाळला. कोणाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं. नाही ऐकलं तर दोन साक्षीदार घेऊन जायचं. तरी नाही तर सगळ्या मंडळीसमोर. सोमवारी दुकान बंद झाल्यावर मी गॅरिककडे गेले. तो सँडविच खात होता.

मी म्हटलं, "व्हर्लीनबाईंचा पुढचा ॲक्सल तू उघडलाच नाहीस."

"आल्या न्यायाधीशबाई. बस."

"उघडलास का?"

"नवा सेट मागवलाय. नोव्हेंबरात येईल."

"आणि तोवर?"

"तोवर त्या दोन चाकांवर चालवतात. मस्त चालतोय ट्रक, स्वतःच सांगून गेल्या. डांबरी रस्ता आहे अर्ध्या वाटेपर्यंत."

"आणि पुढची अर्धी वाट?"

"तिर्झा, तुला भूक लागली असेल. अर्धं घे."

मी अर्धं घेतलं, आत्या. मला लाज वाटते, पण भूक लागली होती. खाता खाता म्हटलं, त्यांना फोन करून एवढंच सांग की बटण दाबू नका. तो म्हणाला, "म्हणजे अख्ख्या खोऱ्यात होईल की आम्ही अर्धं काम करून पूर्ण म्हणून देतो." मी म्हटलं, "तेच तर केलंय." तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

त्याहून वाईट पुढे आहे. मंगळवारी व्हर्लीनबाईंचा फोन आला, मी शेजारी उभी होते. त्यांनी घराजवळच्या खडीवर सहज बटण लावून पाहिलं होतं. ट्रक घोड्यासारखा उसळ्या मारायला लागला, खालून धाडधाड आवाज. त्यांनी लगेच बंद केलं. गॅरिक गोड आवाजात म्हणतो, "नवे गिअर ताठ असतात, बाई. रुळतील. वळताना ब्रेकवर पाय ठेवायची सवय असेल तुम्हाला, बायकांना असते."

त्या अठ्ठावीस वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवतात. एकदाही कोणाला खरचटलेलं नाही. आणि फोनवर त्या म्हणाल्या, "असेल हो, माझंच चुकत असेल."

ताठ गिअर असं करत नाहीत. बाबांनी मला अपूर्णांक शिकवले तेच क्राउन-पिनियनच्या दातांवर. आईने भांडी आवरली की टेबलावर दोन गिअर ठेवायचे आणि रोज सकाळी पहिला प्रश्न तोच. "पुढे किती?" मी म्हणायचे, "मागे असेल तितकंच." मग न्याहारी. बाकी मुलांना प्रार्थना पाठ असते तसं मला हे पाठ आहे. मागे साडेचार आणि पुढे साडेतीन असताना फोर-व्हील लावलं, तर मागचं चाक एक फेरा पुरा करेपर्यंत पुढचं सव्वा फेऱ्याच्या वर गेलेलं असतं. दोन्ही एकाच ट्रकला बांधलेली. खडीवर उसळी मारून सुटका होते. उतारावरच्या बर्फात काय होईल ते मला लिहवत नाही.

मग मी साक्षीदार शोधले. आई म्हणाली, "मी गॅरिकचीही आई आहे." बाबांकडे गेले. मला वाटलं होतं बाबा उठतील, पाना उचलतील आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहतील. ते बराच वेळ हात पुसत राहिले. म्हणाले, "थांब थोडं. बर्फाला अवकाश आहे. नियमाने जाऊ."

मी म्हटलं, नियमाने दोन साक्षीदार लागतात, एक तुम्ही आणि एक मार्लिस आत्या. तिला मी सगळं लिहिलंय.

"ती मंडळीत नाही. तिची साक्ष धरत नाहीत."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

तिर्झा


टेहळणी मनोरा
बुधवार, १२ सप्टेंबर

तिर्झा,

मागच्या पत्रात मी तुझी थट्टा केली. गॅरिकला धड मेकॅनिक धरून चालले होते. ते परत घेते.

आता नीट ऐक. तो नियम मलाही पाठ आहे, तुझ्या आधीपासून. तुझ्याशी कोणी वाईट वागलं तर तू त्याच्याकडे एकटी जावंस, त्याची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून. चांगला नियम आहे. पण गॅरिक तुझ्याशी वाईट वागलेला नाही. तो व्हर्लीनच्या मानेशी वाईट वागतोय. तिला यातलं काही माहीत नाही आणि तुम्ही सगळे मिळून गॅरिकची शोभा होऊ नये म्हणून साक्षीदार गोळा करताय. ट्रक तिचा आहे, आणि ती सोडून सगळ्यांना त्याच्याबद्दल माहीत आहे.

साक्ष धरत नाहीत म्हणे. मी रोज इथून चाळीस मैल रान बघते आणि धूर दिसला की सांगते. माझ्या शब्दावर विमानं उडतात. पण तुझ्या बाबाच्या, आर्लनच्या दुकानातल्या चार बोल्टांबद्दल माझा शब्द चालत नाही.

रेडिओवरून मी व्हर्लीनला निरोप देऊ शकत नाही. तो फक्त आगीसाठी आहे, आणि त्यावर सगळं खोरं कान लावून असतं. नाहीतर आज दिला असता. तेव्हा तू जा. काल रात्री माझ्या खिडकीच्या कडेला बर्फ साचलं होतं, बोटभर. सकाळी गेलं. पण खाली उतरायची वाट त्याला सापडली आहे.

ते उसळ्या मारण्याचं तू लिहिलंस ना, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या रविवारी घाटात माझा ट्रक रस्ता सोडून घसरला, त्याच्या आदल्या दिवशी माझाही ट्रक अंगणात असाच उसळला होता. मी आर्लनला म्हटलं, हे काय रे? तो म्हणाला, नवे गिअर आहेत, ताठ असतात, रुळतील.

कदाचित सगळेच मेकॅनिक हेच म्हणत असतील.

माझा ट्रक अजून आहे का गं तिथे, दुकानामागे? उगाच विचारते.

आत्या


सोमवार, १७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तू उगाच विचारलेलं नाहीस. तुला ठाऊक होतं मी बघायला जाईन.

तुझा ट्रक आहे. दुकानामागे त्या झाडांखाली, बोनेटवर पानांचा ढीग, डावा दरवाजा आत गेलेला. भंगारवाले दोनदा विचारून गेले, बाबांनी हात लावू दिला नाही. मला वाटायचं बहिणीची आठवण म्हणून ठेवलाय. मी लहान असताना त्याच्याकडे बघून मला गहिवरून यायचं, बाबांबद्दल.

बाबा आणि गॅरिक सुटे भाग आणायला गेले होते. मी जॅक, ठोकळे आणि खडू घेऊन गेले. तुला पद्धत माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मी कुठे चुकले असेन तर तुला दिसेल. एक चाक उचललं, त्याच्या जोडीचं जमिनीवर ठेवलं. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण केली. उचललेलं चाक पुरतं दोनदा फिरवलं (जोडीचं अडलेलं असतं, म्हणून दोन फेरे मिळून एकच धरायचा) आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते पाहिलं. मागे साडेचार वेळा आणि किंचित वर. मग पुढे गेले. चाकाच्या मधल्या हबमध्ये गंज होता, तेल सोडून थांबावं लागलं. पुढे साडेतीन वेळा आणि किंचित वर.

मी खूण पुसून पुन्हा केलं. मग दुसऱ्या बाजूचं चाक उचलून केलं.

मागे साडेचार, पुढे साडेतीन.

आत्या, मी नऊ वर्षांची होते तेव्हा. मला एवढंच सांगितलं होतं की मार्लिस आत्या घाईत होती, उतारावर वेग आवरला नाही, गुडघा गेला, आणि मग ती रागावून मंडळी सोडून गेली. मी हे लोकांना सांगितलंही आहे. वेगाने गाडी चालवणाऱ्या मुलींना दाखला म्हणून सांगितलंय.

"पुढे किती?" हा प्रश्न त्याच हिवाळ्यात सुरू झाला. मी आईला विचारून खात्री केली. ती म्हणाली, "हो, तुला तेव्हाच टेबलावर बसवायला लागले. का गं?"

त्यांनी चुकीतून शिकावं, याला माझं काही म्हणणं नाही. पण ते मला शिकवलं आणि तुला सांगितलं नाही. मला रोज सकाळी. तुला अकरा वर्षांत एकदाही नाही.

आता काय करू ते कळत नाही. आधी तुझं घेऊ का व्हर्लीनबाईंचं?

तिर्झा


टेहळणी मनोरा
शनिवार, २२ सप्टेंबर

तिर्झा,

डूई उद्यापर्यंत थांबणार होता. त्याला आजच परत पाठवते. कुरकुरतोय, पण जाईल.

त्या रविवारी मी घाईत नव्हते. घाटात ताजं बर्फ होतं म्हणून माथ्यावर थांबून मी फोर-व्हील लावलं, शहाण्या माणसाने लावावं तसं. पहिल्याच उतारावर मागची चाकं कोणीतरी शेपूट धरून ओढल्यासारखी बाजूला गेली. मी ब्रेकला हातही लावला नव्हता, पायही. हे मी वर्षानुवर्षं रात्री छताकडे बघत आठवून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी वाटायचं, लावला असेल, मलाच आठवत नसेल.

वसंतात कुबड्या घेऊन मी मंडळीसमोर उभी राहिले. वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, देवाने जीव वाचवलाय, बेपर्वाई कबूल कर. मी कबूल केली. आर्लन पहिल्या बाकावर होता, टोपी गुडघ्यावर. टोपीची कड फिरवत होता. मला वाटलं, भावाला माझं दुःख होतंय. मी त्याच्यासाठी रडले, तिर्झा. स्वतःसाठी नाही.

त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. लोकांच्या गाड्यांतून, डूईच्या खेचरावरून. इथे वर आले कारण इथून मी कोणाला धडकू शकत नाही. ही नोकरी मला आवडते, पण ती मी का घेतली ते आज तुला सांगते आहे.

असो. तू विचारलंस आधी कोणाचं. हे काय विचारणं झालं? माझा ट्रक झाडाखाली उभा आहे, त्याला कुठे जायचं नाही. व्हर्लीन रोज सकाळी निघते. आधी तिचं.

आणि एक. तिच्याकडे जाऊन रडू नकोस आणि क्षमा मागत बसू नकोस. तुला ती सवय आहे. तुझ्या क्षमेचं ती काय करेल? तिला खडू आणि जॅक दाखव.

मी तीस तारखेला मनोरा बंद करून खाली येते. पायथ्याला कोणाची तरी गाडी आण, कोणाचीही. चालवणार मी.

मार्लिस


बुधवार, २६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र डूईने काल दुपारी हातात दिलं. तो म्हणाला, "तुमच्या घराण्यातल्या बायका माणसाला जेवू देत नाहीत." मी त्याला पाव आणि सूप वाढलं.

मग मी व्हर्लीनबाईंना फोन केला. विचारलं, गुरुवारी घरी आहात का? म्हणाल्या, गुरुवारी माझी सुट्टी, का गं? मी म्हटलं, "मी येते, जॅक घेऊन. तोवर फोर-व्हीलचं बटण अजिबात दाबू नका. बर्फ आलं तर घराबाहेर पडू नका."

"का? काय झालंय?"

"आल्यावर दाखवते."

"सांग ना आत्ताच."

"मागच्या वेळी मी नुसतं सांगितलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात. या वेळी डोळ्यांनी बघा."

त्या म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय ब्रेकवर नव्हता तर."

"नव्हता," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. रागावून ठेवला असेल तर मला चालेल. रागावायलाच हवं.

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं. लपून जायचं नव्हतं. गॅरिक म्हणाला, "जा, आणि येताना दुकानाच्या पाटीवर काळं फासून ये." आई म्हणाली, "बटाटे घे, गॅरिक." मी सांगितलं की मी गुरुवारी व्हर्लीनबाईंचा पुढचा शाफ्ट सोडवून आणणार आहे, म्हणजे बटण दाबलं तरी काही होणार नाही. आणि थॅडचा मोसम संपेल त्या दिवशी त्याच्या ट्रकमधून तो सेट उतरवून व्हर्लीनबाईंच्या पुढच्या ॲक्सलमध्ये मी स्वतः बसवणार आहे. गॅरिक म्हणाला, "तू कधी एकटीने पुढचा सेट बसवलायस?" मी म्हटलं नाही. "मग?" मी म्हटलं, "मला पुढे किती ते पाठ आहे."

बाबांनी चमचा खाली ठेवला.

जेवणानंतर ते दुकानात गेले, मी मागे गेले. ते उपड्या बादलीवर बसले होते. मी म्हटलं, "मी आत्याच्या ट्रकची चाकं फिरवली."

त्यांनी विचारलं नाही किती आलं. म्हणाले, "पुढचा सेट सोमवारी येणार होता. मी लगेच बसवणार होतो. बर्फ रविवारी पडलं."

"आणि वसंतात ती मंडळीसमोर उभी राहिली तेव्हा? तेव्हा कुठला सेट यायचा होता?"

ते म्हणाले, "तीच म्हणत होती तिचं चुकलं. मला वाटलं, खरंच तिचंही थोडं चुकलं असेल."

आत्या, हे वाक्य मी तुला कळवू की नको याचा रात्रभर विचार केला. कळवते. तुझ्या बाबतीत पुन्हा कोणी काही गाळायला नको.

मग ते उठले आणि म्हणाले, "गुरुवारी मी येतो तुझ्याबरोबर. तुला साक्षीदार हवा होता ना."

तीन आठवड्यांपूर्वी हे ऐकून मी रडले असते. मी म्हटलं, "नको. व्हर्लीनबाईंना साक्षीदार नको, त्यांचा ट्रक त्यांच्या अंगणात आहे, त्या स्वतः बघतील. तुम्हाला साक्षच द्यायची असेल तर आत्याची द्या. ती उभी राहिली होती तिथेच उभं राहून. ती खाली येणार त्याच रविवारी." ते भिंतीवरचा पाना काढून पुसायला लागले, तो स्वच्छ होता. देतील की नाही मला माहीत नाही. मी त्यांच्या वतीने तुला काही वचन देत नाही. या घरातून तुला पुरेसे शब्द मिळाले आहेत.

तीस तारखेला पायथ्याला मी आईची गाडी घेऊन येईन. तिचे दोन्ही ॲक्सल मी आज सकाळी मोजले. सारखे आहेत. चावी तुझ्या हातात देईन आणि शेजारी बसेन.

घाटमाथा सकाळी पांढरा होता. जॅक, दोन ठोकळे, पाने आणि खडूची अख्खी पेटी ट्रकमध्ये ठेवली आहे. एक खडू पुरतो, पण तुटला तर म्हणून.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा झालेलं असेल. उजाडलं की निघते. उद्या, गुरुवार, २७ सप्टेंबर.

तुझी,
तिर्झा